चार पर्वतांमधली गोष्ट जगली पाहिजे

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांची एक सहल जवळपास ठरलेली असते. लास व्हेगासहून निघायचं, ग्रँड कॅन्यन बघायचं, पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या तांबूस, लाटांसारख्या भिंतींमध्ये फोटो काढायचे आणि मॉन्युमेंट व्हॅलीत सूर्यास्त गाठायचा. अँटिलोप कॅन्यनमध्ये एकट्यानं शिरता येत नाही, वाटाड्या बरोबर लागतो. तो फोन कुठं धरायचा ते दाखवतो, उन्हाचा झोत कधी खाली उतरेल ते सांगतो, वेळेवर बाहेर आणतो. आपण आभार मानतो आणि गाडीत बसतो. तो स्वतःला काय म्हणवतो, घरी कोणती भाषा बोलतो, या घळीला त्या भाषेत काय म्हणतात, हे विचारायचं राहून जातं.

त्या घळीचं तिथलं नाव ‘त्से बिघानिलिनी’. म्हणजे खडकांतून पाणी वाहतं ती जागा. ही घळ कशी झाली, ते नावानंच सांगून टाकलं आहे. आणि हे नाव ठेवणाऱ्या लोकांना जग ‘नवाहो’ म्हणतं. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. दिने म्हणजे माणसं, लोक.

आपल्याकडे मात्र अजून सर्रास ‘रेड इंडियन’ म्हटलं जातं. लहानपणी वाचलेल्या साहसकथांतून आणि घोडेस्वारांच्या चित्रपटांतून हा शब्द आपल्या तोंडी बसला तो बसलाच. वाट चुकलेल्या एका दर्यावर्द्याची समजूत आणि कातडीचा रंग, याखेरीज त्या शब्दात काही नाही. शेकडो समाज आणि शेकडो भाषा त्यात एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. त्यांतल्या एका समाजाची, दिने लोकांची, गोष्ट आज सांगायची आहे. ती ऐकायला सुंदर आहेच. पण ती धोक्यात आहे आणि ती जगवायला आपलाही हात लागू शकतो, म्हणून हा लेख.

अरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून दिनेंचं आजचं राष्ट्र सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरवर पसरलं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाव भागाएवढं. राजधानी विंडो रॉक. स्वतःची विधानसभा, स्वतःची न्यायालयं, स्वतःचे पोलीस. २०२१मध्ये नोंद झालेले सदस्य होते जवळपास ४ लाख. पण दिने माणसाला आपल्या मुलखाच्या सीमा विचारल्या, तर तो राज्यांच्या रेषा सांगत नाही. तो चार पर्वत सांगतो. पूर्वेला सिस्नाजिनी, आजच्या नकाशात ब्लँका शिखर : पांढऱ्या शिंपल्यांनी सजवलेला, विजेनं जमिनीशी जखडलेला. दक्षिणेला त्सोदझिल, म्हणजे माउंट टेलर : पिरोजाचा, दगडी सुरीनं खिळवलेला. पश्चिमेला दोकोओस्लीद, म्हणजे फ्लॅगस्टाफजवळचा सॅन फ्रान्सिस्को पर्वत : अॅबलोनी शिंपल्याचा, सूर्यकिरणानं बांधलेला. उत्तरेला दिबे नित्सा, म्हणजे हेस्पेरस : काळ्या जेट दगडाचा, इंद्रधनुष्यानं बांधलेला. हे चार पर्वत म्हणजे घराचे चार खांब. आत जो राहतो, तो घरात आहे.

हे पर्वत आले कुठून? इथून गोष्ट सुरू होते. तिचा सांगण्याचाही ऋतू ठरलेला आहे. पहिली कडाक्याची थंडी पडल्यापासून वसंतातला पहिला गडगडाट ऐकू येईपर्यंत, साप आणि अस्वलं झोपलेली असतात त्या दिवसांतच ती सांगायची. म्हणून इथं फक्त छापील ग्रंथांतून जगासमोर आलेला सांगाडा देतो. कायोटी या धूर्त प्राण्याच्या खोड्या, रात्ररात्र चालणारी गाणी, मंत्रांचे तपशील तिथल्या आजी-आजोबांच्या तोंडी, तिथल्या हिवाळ्यातच शोभतात.

जगं एकावर एक रचलेली होती. तळाला काळं, मग निळं, मग पिवळं आणि सगळ्यांत वर हे झळाळतं जग. सांगणाऱ्यागणिक जगांची संख्या आणि तपशील बदलतात. कुणी आपण चौथ्या जगात आहोत म्हणतं, कुणी पाचव्या. पण प्रवासाचं कारण सारखंच असतं. खालच्या जगांतले जीव भांडले, एकमेकांना फसवू लागले, नात्यांची घडी विस्कटली आणि त्यांना ते जग सोडून वर यावं लागलं. शेवटच्या खेपेला कायोटीनं जलराक्षसाचं पोर पळवलं. पूर चढू लागला. पहिला पुरुष, पहिली स्त्री आणि सगळे जीव एका वेळूच्या पोकळीतून वर चढले. वर आल्यावर खालून आणलेल्या मातीतून त्यांनी हे पर्वत उभे केले.

पुढं न्यू मेक्सिकोतल्या एका टेकडीवर पहिल्या पुरुषाला एक तान्ही मुलगी सापडली. ती मोठी झाली. तिचं नाव ‘बदलत राहणारी स्त्री’ असं आहे. आपण तिला पालटती माय म्हणू. ती ऋतूंबरोबर तरुण होते, म्हातारी होते आणि पुन्हा तरुण होते. सूर्यापासून तिला जुळे मुलगे झाले. पृथ्वीवर तेव्हा माणसं खाणारे राक्षस माजले होते. मुलांनी बापाचा शोध घेतला, त्याच्याकडून शस्त्रं आणली आणि राक्षस मारले. ग्रँट्स गावाजवळ काळ्या, खडबडीत लाव्ह्याचं अफाट पठार आहे. दिने म्हणतात, ते माउंट टेलरपाशी मारलेल्या महाराक्षसाचं गोठलेलं रक्त. शिपरॉकचा प्रचंड सुळका त्याच कथेतल्या पक्षी-राक्षसांचं ठिकाण, म्हणून त्यावर चढाईला मनाई आहे. मग पालटत्या मायनं आपल्या अंगाच्या कातडीतून पहिली कुळं घडवली. आजही दोन अनोळखी दिने भेटले की आधी कुळ सांगतात. आईचं कुळ हे माझं कुळ, बापाच्या कुळासाठी मी जन्मलो, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. चार कुळं सांगून होईपर्यंत समोरचा मामा, बहीण किंवा आजोबा निघालेला असतो. या नात्याच्या जाणिवेला ते ‘के’ म्हणतात.

या कथेतला एक भाग वाचल्यापासून मनातून जात नाही. राक्षस संपवल्यावर त्या जुळ्यांतल्या एका वीराला चार जण सापडले. म्हातारपण, थंडी, गरिबी आणि भूक. त्यांनाही मारायला तो निघाला. म्हातारपण म्हणालं, मी गेलो तर मुलं कधी जबाबदार होणार नाहीत, सगळं जिथल्या तिथं थांबेल. थंडी म्हणाली, मी गेले तर बर्फ पडणार नाही, झरे आटतील. गरिबी म्हणाली, जुनं झिजलं नाही तर नवं कोण विणेल? भूक म्हणाली, मी गेले तर अन्नाची चव जाईल. त्यानं चौघांनाही सोडून दिलं.

दिनेंच्या जगण्याच्या मुळाशी असलेला ‘होझो’ हा शब्द समजायला हा प्रसंग पुरे आहे. होझोचा अर्थ सौंदर्य असा सांगतात, पण त्यात आरोग्य, समतोल, सलोखा, मनाची शांतता आणि नात्यांची नीट बसलेली घडी हे सगळं येतं. दुःख नाही, थंडी नाही, म्हातारपण नाही, असं जग म्हणजे होझो नाही. सगळं आपापल्या जागी, आपापल्या मापात असणं म्हणजे होझो. आणि तो एकदा मिळाला की कायमचा राहत नाही. तो बिघडतो. मग तो पुन्हा लावून घ्यावा लागतो.

त्यासाठीच त्यांचे विधी आहेत. माणूस आजारी पडला की घडी कुठं मोडली ते आधी शोधतात. मग ‘हाताली’, म्हणजे गाणारा वैद्य-पुरोहित, येतो. पूर्वेकडं दार असलेल्या होगान या घरात रंगीत वाळू, कुटलेले दगड, मक्याचं पीठ आणि परागकण बोटांतून सोडत जमिनीवर चित्र काढलं जातं. आपली रांगोळीही चिमटीतूनच पडते, म्हणून ही चित्रं आपल्याला लगेच ओळखीची वाटतात. पण इथं चित्र पूर्ण झालं की आजारी माणूस त्यावर बसतो आणि कथेतली शक्ती त्याच्या अंगाला लागते. मग ते चित्र पुसून टाकतात. काही विधी नऊ रात्री चालतात. शेकडो गाणी, एक शब्द इकडचा तिकडं न होता, सगळी पाठ. एक हाताली आयुष्यभरात असे मोजकेच विधी शिकू शकतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकासाठीही वेगळा विधी आहे, कारण कथेतले जुळे वीरही राक्षस मारून आल्यावर थकले, आजारी पडले होते. शत्रूला मारणाराही आतून बिघडतो, त्यालाही परत माणसांत आणावं लागतं, हे या लोकांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

तान्हं मूल पहिल्यांदा खुदकन हसलं की ज्यानं हसवलं त्यानं जेवण घालायचं आणि मुलाच्या इवल्या हातानं पाहुण्यांना मीठ द्यायचं, म्हणजे ते मूल दिलदार होतं. मुलगी वयात आली की तिला दूर बसवत नाहीत. तिचा चार दिवसांचा उत्सव होतो, ‘किनाल्दा’. पहिली किनाल्दा पालटत्या मायची झाली होती, म्हणून त्या चार दिवसांत प्रत्येक मुलगी पालटती माय असते. ती पहाटे पूर्वेकडं धावते, वडीलधारी बाई तिचं अंग चोळून तिला ‘घडवते’, जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर मक्याचा मोठा केक भाजला जातो. आणि विणकाम शिकवलं ते कोळीमायनं, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या मूळमायनं. ती राहते कॅन्यन द शेच्या घळीतल्या उंच सुळक्यावर. मागावर बसणारी दिने बाई आजही तिचं नाव घेते.

आता सांगा, ही गोष्ट पुस्तकात छापून ठेवली की वाचली का?

छापून तर ती सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली आहे. वॉशिंग्टन मॅथ्यूज या लष्करी डॉक्टरनं १८९७मध्ये या कथांचा ग्रंथ काढला. १९८४मध्ये पॉल झोलब्रॉडनं त्या कथा इंग्रजीत नव्यानं मांडल्या. ग्रंथ कपाटात आहेत, उद्याही राहतील. पण या गोष्टीचं एकेक वाक्य कुठल्या तरी पर्वताला, झऱ्याला, मागाला, हिवाळ्याच्या रात्रीला आणि आजीच्या तोंडच्या भाषेला बांधलेलं आहे. पर्वत गेला, झरा विषारी झाला, भाषा तुटली, तर कपाटातल्या ग्रंथात उरेल ते गोष्टीचं कातडं. गोष्ट वाचवायची तर ती राहते ते घर वाचवायला हवं. मला सांगायचं आहे ते एवढंच.

या घरावर घाव काही कमी पडले नाहीत. १८६४मध्ये अमेरिकी सैन्यानं दिनेंची शेतं जाळली, पीचची झाडं तोडली, मेंढ्या मारल्या आणि हजारो माणसांना शेकडो किलोमीटर चालवत फोर्ट सम्नरच्या उजाड छावणीत नेलं. दिने त्या जागेला ‘ह्वेल्दी’ म्हणतात. तिथलं पाणी खारट, पीक किडीनं खाल्लेलं. चार वर्षांत भूक आणि रोगानं खूप माणसं गेली. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि ते परतले. हद्दपार झालेल्या किती जमातींना आपली मूळभूमी परत मिळाली? दिने परत आले ते चार पर्वतांमध्ये.

पण त्याच तहात मुलांना शाळेत पाठवण्याचं कलम होतं. पुढं निवासी शाळा आल्या. मुलांचे केस कापले, नावं बदलली, आपल्या भाषेत बोललं तर साबणानं तोंड धुतलं. आणि मग १९४२मध्ये त्याच सरकारला त्या भाषेची गरज लागली. २९ दिने तरुणांनी आपल्या भाषेतून युद्धाची सांकेतिक भाषा रचली. पुढं त्यांची संख्या सुमारे ४०० झाली. १९४५च्या इवो जिमाच्या लढाईत त्यांचे संदेश शत्रूला उलगडले नाहीत. ज्या भाषेसाठी शाळेत मार खाल्ला त्याच भाषेनं त्यांनी देशाचे सैनिक वाचवले आणि १९६८पर्यंत हे गुपित स्वतःच्या घरीही उघड केलं नाही. निवासी शाळांबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी औपचारिक माफी मागितली ती ऑक्टोबर २०२४मध्ये.

माफीनं भाषा परत येत नाही. साबणानं तोंड धुतलेल्या मुलांनी मोठं होऊन आपल्या लेकरांना इंग्रजी दिली. त्यांना वाटलं, यांना तरी ते भोगायला नको. आज दिने भाषा बोलणारे सुमारे १ लाख ७० हजार लोक आहेत. अमेरिकेतल्या मूळ भाषांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. पण ४ लाखांच्या समाजात तो निम्म्याहूनही कमी, आणि अस्खलित बोलणारे बहुतेक वयस्क. २०१४मध्ये अध्यक्षपदाचा एक उमेदवार भाषा पुरेशी येत नाही म्हणून बाद झाला. पुढच्याच वर्षी लोकांनी मतदान करून भाषेची ती अट सैल केली. या दोन वर्षांत एका समाजाची सगळी ओढाताण दिसते. भाषा हवी, पण आपल्याच मुलांना दाराबाहेरही ठेवायचं नाही.

दुसरा घाव जमिनीखालचा. दिने वडीलधारे सांगतात की या जगात आल्यावर लोकांपुढं दोन पिवळ्या भुकट्या ठेवल्या होत्या. एक मक्याच्या परागाची, एक खडकातली. त्यांनी पराग निवडला. तेव्हा त्यांना बजावलं गेलं की दुसरी पिवळी भुकटी जमिनीतच राहू द्या, उकरून काढाल तर अनर्थ होईल. ती भुकटी म्हणजे युरेनियम. १९४४ ते १९८६ या काळात दिने भूमीतून जवळपास ३ कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. मुख्यतः अण्वस्त्रांसाठी. खाणींत दिने पुरुष उतरले. धोका कुणी सांगितला नाही. ते धुळीनं माखलेले कपडे घालून घरी आले, बायकांनी ते हातानं धुतले, काहींनी खाणीतल्या दगडांची घरं बांधली. आज तिथं ५००हून अधिक खाणी तशाच सोडून दिलेल्या आहेत. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉकला युरेनियमच्या टाकाऊ पाण्याचं धरण फुटून सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीत गेलं. त्याच वर्षीच्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातल्या अपघाताचं नाव जगाला पाठ आहे. चर्च रॉक किती जणांनी ऐकलं?

दिनेंनी या युरेनियमला नाव दिलं, ‘लेत्सो’. पिवळी माती. आणि त्याला राक्षसांत गणलं. त्यांच्या भाषेत राक्षसासाठीचा शब्द म्हणजे जगण्याच्या वाटेत आडवं येणारी गोष्ट, आणि राक्षसाला हरवायचं तर आधी त्याचं नाव घ्यावं लागतं. ज्या ग्रँट्सजवळ महाराक्षसाचं रक्त गोठलं, त्याच परिसरात १९५०नंतर युरेनियमच्या खाणी उघडल्या. २००५मध्ये दिने राष्ट्रानं आपल्या भूमीवर युरेनियम खाणकामावर बंदी घातली. सृष्टीच्या कथेतला इशारा कायद्यात उतरला. सोडलेल्या खाणींची सफाई मात्र अजून रखडलेली आहे.

तिसरा घाव पर्वतावर. सॅन फ्रान्सिस्को पर्वतावर एक स्कीइंगचं केंद्र आहे. बर्फ कमी पडू लागलं तेव्हा त्यानं शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून कृत्रिम बर्फ करायचं ठरवलं. दिने, होपी आणि इतर समाज न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं की हा पर्वत औषधी वनस्पतींचा, प्रार्थनेचा, आमच्या घराचा पश्चिमेचा खांब आहे. २००८मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या विरुद्ध निकाल दिला, २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्यासाठी पर्वत म्हणजे उतार आणि बर्फ, एवढंच.

चौथा घाव पाण्याचा. या राष्ट्रातल्या जवळपास ३० टक्के घरांत नळाचं पाणी नाही. २०२०च्या वसंतात करोनाचं दरडोई प्रमाण इथं न्यूयॉर्कपेक्षा वर गेलं. हात धुवायला पाणी नाही, तिथं साथ आवरायची कशी? आणि वयस्क माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर गाणी जातात. १८६८च्या तहानं दिलेल्या भूमीला पाणी मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जून २०२३मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी उत्तर आलं : नाही.

हे सगळं वाचून कुणी हळहळेल आणि पान उलटेल. तसं करू नका, कारण दिने स्वतः हळहळत बसलेले नाहीत. १९६८मध्ये त्यांनी स्वतःचं महाविद्यालय काढलं, अमेरिकेतलं मूळ समाजानं चालवलेलं पहिलं. आज ते दिने कॉलेज. विचार, आखणी, जगणं आणि जगून येणारी खात्री, या चार पायऱ्यांवर तिथलं शिक्षण उभं आहे, आणि त्यांच्या मुळाशी होझो आहे. फोर्ट डिफायन्सला १९८६मध्ये दिने भाषेतून शाळा सुरू झाली. २०१३मध्ये ‘स्टार वॉर्स’ दिने भाषेत आला आणि नातवंडं आजी-आजोबांबरोबर एकाच पडद्यापुढं बसली. माउंट टेलरची कथा तर बळ देणारी आहे. दिने, अकोमा, लगुना, झुनी आणि होपी एकत्र आले आणि २००९मध्ये न्यू मेक्सिकोनं तो पर्वत सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवला. विरोधक न्यायालयात गेले. २०१४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नोंद कायम ठेवली. एक खांब वाचला.

हॉस्टीन क्ला या थोर हातालीची आठवण इथं झाल्याशिवाय राहत नाही. ते गात, वाळूचित्रं काढत आणि विणतही. त्यांचा शिष्य त्यांच्याआधीच गेला. आपल्याबरोबर सगळं जाईल या काळजीनं त्यांनी मेरी कॅबट व्हीलराइट या स्त्रीला आपली गाणी आणि कथा लिहून घेऊ दिल्या. १९३७मध्ये सँता फे इथं होगानच्या आकाराचं, पूर्वाभिमुख संग्रहालय उभं राहिलं आणि त्याच वर्षी क्ला गेले. चाळीस वर्षांनी, १९७७मध्ये, त्या संग्रहालयानं विधीच्या पवित्र वस्तू दिने लोकांना परत केल्या. राखण कशी करावी, याचा हा वस्तुपाठ आहे. जपावं, आणि मालक दारात आला की हातात द्यावं.

मग आपण मराठी माणसांनी काय करावं?

आपण हे दुःख परक्याचं म्हणू शकत नाही. अमेरिकेत रविवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडायला वीस-तीस मैल गाडी चालवणाऱ्या आईबापांना भाषा निसटते म्हणजे काय होतं ते माहीत आहे. आजीला फोनवर नातवाशी दोन वाक्यांपलीकडं बोलता येत नाही, ही कळ माहीत आहे. पण आपला नातू भाषा विसरला तरी ती इकडं कोट्यवधींच्या तोंडी जिवंत आहे. दिने भाषेला दुसरा देश नाही. ती त्या चार पर्वतांमध्ये संपली की सगळीकडं संपली.

म्हणून पहिलं, शब्द बदला. ‘रेड इंडियन’ आजपासून सोडा. दिने, होपी, झुनी अशी नावं घ्या. शिक्षकांनी वर्गात, संपादकांनी पानांवर, अनुवादकांनी पुस्तकांत हे करावं. याला पैसा लागत नाही.

दुसरं, सहलीला जाल तेव्हा पाहुण्यासारखे जा. वाटाड्याला जागेचं नाव त्याच्या भाषेत विचारा, उच्चारून बघा. विधीचे, घरांचे, माणसांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. जिथं चढायला मनाई आहे तिथं चढू नका. कथा ऐकायच्या असतील तर हिवाळ्यात, आणि त्यांनी सांगितल्या तर.

तिसरं, खरेदी करताना विणणाऱ्या बाईच्या आणि चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या हातात पैसे पडतील अशा ठिकाणी करा. महामार्गावरच्या दुकानातला स्वस्त ‘नवाहो’ गालिचा बहुधा यंत्रावरचा असतो. १९९०च्या अमेरिकी कायद्यानं मूळ समाजांच्या नावानं खोटा माल विकणं गुन्हा आहे. दुकानदाराला विचारा, हे कोणी केलं? आणि पुण्यामुंबईच्या दुकानांत टांगलेली ‘ड्रीमकॅचर’ जाळी नवाहोंची नाही, ती ओजिब्वे समाजाची, हेही मुलांना सांगा. चुकीच्या नावानं विकलेली वस्तू खऱ्या नावाला पुसून टाकते.

चौथं, तिथल्या महाराष्ट्र मंडळांना आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाला ही विनंती. अरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडोतल्या मराठी माणसांनी एका कार्यक्रमाला दिने शिक्षकाला, कवीला, विणकराला मान आणि मानधन देऊन बोलवावं. ल्युसी तापाहोन्सो २०१३मध्ये नवाहो राष्ट्राच्या पहिल्या राजकवी झाल्या. त्यांच्यासारख्या लेखकांची पुस्तकं आपल्या वाचनालयांत यावीत, परवानगी घेऊन ती मराठीत यावीत. बाहेरच्यांनी त्यांच्यावर लिहिलेलं खूप वाचलं, आता त्यांनी लिहिलेलं वाचू या.

पाचवं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. जे मराठी लोक अमेरिकेचे नागरिक झाले आहेत, त्यांच्याकडे मत आहे. खाणींची सफाई, पवित्र पर्वत, नळाचं पाणी, भाषाशाळांचा निधी, हे तिथल्या लोकप्रतिनिधींच्या हातातले प्रश्न आहेत. सरकारी यंत्रणा खाणी आणि जमिनींबाबत जनतेच्या हरकती मागवतात. तिथं एक पत्र लिहा. पण लिहिण्याआधी दिने राष्ट्राचं, तिथल्या लोकांचं म्हणणं काय ते वाचा. त्यांच्या वतीनं बोलायचं नाही, त्यांच्या मागं उभं राहायचं. आपल्याला काय हवं ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

दिने म्हणतात, होझो बिघडतो आणि माणसांना मिळून तो पुन्हा लावता येतो. तो बिघडवला तो माणसांनीच, शाळेच्या साबणानं, खाणीच्या धुळीनं, न्यायालयाच्या शाईनं. तो सावरायलाही माणसंच लागतील, आणि चार पर्वतांबाहेरची माणसंही त्यांत हवीत. या हिवाळ्यातही त्या मुलखात पहिली थंडी पडेल, साप बिळात जातील, एखाद्या होगानमध्ये शेगडीभोवती मुलं गोळा होतील आणि आजी बोलू लागेल. ती तिच्याच भाषेत बोलावी, मुलांना ती कळावी आणि दारातून पर्वत दिसावा, एवढ्यासाठी आपलं जे बळ असेल ते लावा. आजपासून लावा.